घाबरतो स्वार, बुजतो घोडा

टोकियो ऑलिम्पिकमध्ये ६ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीची आनिका श्लॉय सुवर्णपदकाच्या अगदी जवळ होती. मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत तलवारबाजी आणि जलतरण झाल्यावर ती पहिल्या क्रमांकावर होती. पुढचा खेळ घोडेस्वारीचा. या स्पर्धेत घोडा स्वतःचा नसतो. तो चिठ्ठी टाकून मिळतो आणि त्याच्याशी ओळख करून घ्यायला जेमतेम २० मिनिटे मिळतात. श्लॉयच्या वाट्याला आलेल्या ‘सेंट बॉय’ने त्याच दिवशी आधीच्या एका खेळाडूबरोबरही उड्या मारायला नकार दिला होता. श्लॉय पाठीवर बसली तेव्हाही तो पुढे जाईना. ती रडू लागली, चाबूक आणि टाचा वापरू लागली. घोडा आणखी बिथरला. कुंपणापलीकडून प्रशिक्षक किम राइसनर तिला चाबूक मारायला सांगत होत्या. त्यांनी स्वतःही घोड्याला बुक्की मारली आणि त्यांना स्पर्धेतून बाहेर काढण्यात आले. श्लॉय ३१व्या क्रमांकावर घसरली.

ती चित्रफीत जगभर फिरली. श्लॉयवर समाजमाध्यमांतून शिव्याशापांचा भडिमार झाला. पुढे या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने घोडेस्वारी वगळण्याचा निर्णय घेतला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ती शेवटची दिसली. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत असेल. १९१२ पासून चालत आलेली परंपरा त्या दिवशीच संपली असे म्हटले तरी चालेल.

त्या घटनेची चर्चा बहुतेक क्रौर्याच्या अंगाने झाली आणि ते योग्यच होते. पण तिला विज्ञानाचीही एक बाजू आहे. घाबरलेला माणूस आणि त्याच्या खालचा घोडा यांच्यात नेमके काय घडते? आणि स्वाराचे मन सरावाने घडवता येत असेल, तर त्या सरावाचा खरा लाभ कोणाला, पदकाला की घोड्याला? अश्वक्रीडेत मानसिक प्रशिक्षण आता परिचयाचे झाले आहे. श्वासाचे व्यायाम, मनातल्या मनात केलेली रपेट, स्पर्धेआधीचा ठरलेला क्रम, हे सारे ‘यशाचे तंत्र’ म्हणून शिकवले जाते. मात्र त्याचे मोल पदकापेक्षा अधिक घोड्याच्या वाट्याला येते, असे संशोधनाकडे पाहिले की जाणवते.

भीती खाली कशी उतरते

‘घोड्याला माणसाची भीती कळते’ हे पागेतल्या प्रत्येक मोतद्दाराला ठाऊक असलेले वाक्य. २००९ मध्ये स्वीडनच्या कृषी विद्यापीठातील लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी त्याची साधी पण चतुर परीक्षा घेतली. माणसांनी घोड्याला धरून किंवा त्यावर बसून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चार वेळा जायचे होते. माणूस-घोड्याच्या अशा ३७ जोड्या होत्या. दोघांच्याही हृदयाचे ठोके मोजले जात होते. चौथ्या फेरीआधी माणसांना सांगितले गेले की, या वेळी वाटेत एकदम छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. फेरी आधीच्या तीन फेऱ्यांसारखीच होती. तरीही माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही. छत्री केवळ माणसाच्या मनात होती. घोड्यापर्यंत पोहोचली ती तिची धास्ती.

ती पोहोचते कशी? एक वाट नजरेची. ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये २८ घोड्यांना अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. रागावलेला चेहरा पाहताना घोडे तो डाव्या डोळ्याने न्याहाळू लागले आणि त्यांच्या हृदयाची गतीही लवकर वाढली. डाव्या डोळ्याने दिसलेले प्रामुख्याने उजव्या मेंदूकडे जाते आणि धोक्याचा अंदाज घेण्यात या बाजूचा वाटा मोठा असतो. दुसरी वाट वासाची. भयपट पाहताना आणि आनंदी दृश्ये पाहताना माणसांच्या काखेतला घाम कापसाच्या पट्ट्यांवर टिपून घोड्यांना हुंगायला दिला, तेव्हा त्यांनी त्या दोन वासांत फरक केला, असे फ्रान्समधील एका गटाने २०२३ मध्ये दाखवून दिले.

पण पाठीवर बसलेल्या स्वाराचा चेहरा घोड्याला धड दिसत नाही. तेथे खरी वाट स्पर्शाची. भीतीने माणूस श्वास रोखतो, खांदे वर चढतात, पाठ ताठरते, गुडघे खोगिराला आवळले जातात आणि हात नकळत लगाम आखडून घेतात. याचा अर्थ घोड्याने काय लावायचा? पायांचा दाब सांगतो ‘पुढे चल’, हातांचा ताण सांगतो ‘थांब’. अंगावर बसलेली माशी जाणवून तेवढ्याच जागेची कातडी थरथरवणारा हा प्राणी आहे. त्याला दोन्ही आज्ञा एकाच वेळी कळतात आणि दोन्ही पाळणे त्याला अशक्य असते. मग तो मान झटकतो, मागे सरतो, मागच्या पायांवर उभा राहतो किंवा जागीच खिळतो. पाहणाऱ्याला तो हट्टी वाटतो. खरे तर तो गोंधळलेला असतो.

माणसाच्या नकळत दिलेल्या खुणा घोडा किती बारकाईने वाचतो, याचा पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा गणिते सोडवून खूर आपटून उत्तरे देई. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपास केल्यावर उलगडा झाला. हान्सला गणित येत नव्हते. अचूक आकड्याशी येताच प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची आणि चेहऱ्याची जी अगदी सूक्ष्म हालचाल होई, ती पाहून तो थांबत असे. प्रश्नकर्त्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सही चुके. फसवणूक कोणाचीच नव्हती. माणसाला स्वतःच्या शरीराची भाषा ठाऊक नव्हती, घोड्याला मात्र होती.

पुराव्याची दुसरी बाजू

एवढ्यावरून ‘स्वार घाबरला की घोडा घाबरणारच’ असा नियम मांडणे घाईचे होईल. फ्रान्स आणि ऑस्ट्रियातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनुभवी स्वार आणि त्यांचे शिकवलेले घोडे यांची सरावात आणि प्रेक्षकांसमोर अशी दोनदा तपासणी झाली. प्रेक्षकांसमोर स्वारांचा ताण वाढला, घोड्यांचा मात्र तसा वाढला नाही. हे अभ्यास लहान आहेत, घोड्यांची संख्या थोडी आहे आणि एका प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही.

मात्र या विसंगतीतच एक आशादायक शक्यता दिसते. कसलेल्या स्वाराचे काळीज धडधडत असले तरी त्याची मांड स्थिर आणि हात मऊ राहत असावेत. भीती असूनही ती घोड्यापर्यंत पोहोचत नसावी. तसे असेल तर मानसिक प्रशिक्षणाचे उद्दिष्टही बदलते. भीती नाहीशी करणे हे त्याचे काम नाही. सुमारे पाचशे किलोच्या, धोका दिसताच आधी पळणाऱ्या प्राण्यावर बसताना थोडी भीती वाटणे हे शहाणपणाचेच लक्षण आहे. भीती असतानाही शरीराने घोड्याला स्पष्ट, एका वेळी एकच आज्ञा देत राहणे, हे त्या प्रशिक्षणाचे काम.

नवशिक्याला पहिल्याच दिवशी मिळणारा ‘घाबरू नकोस, घोड्याला कळतं’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट ठरतो. त्यातले दुसरे वाक्य बरेचसे खरे आहे, पण पहिले निरुपयोगी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तर ते अस्वल त्यांच्या मनातून हलेना. ‘घाबरू नको’ या आज्ञेचेही तेच होते. स्वार आता घोड्यालाही घाबरतो आणि स्वतःच्या घाबरण्यालाही.

मनाचा सराव म्हणजे काय

चांगले प्रशिक्षक ‘काय करू नको’ऐवजी ‘काय कर’ हे सांगतात. सुरुवात श्वासापासून होते. मिनिटाला सहाच्या आसपास, लांब उच्छ्वासाचे संथ श्वसन हृदयाच्या लयीवर शांत करणारा परिणाम करते, हे शरीरशास्त्रात चांगले प्रस्थापित झाले आहे. घोड्यावर त्याचा आणखी एक फायदा असतो. पूर्ण श्वास सोडताना खांदे उतरतात, कंबर सैलावते आणि बैठक खोगिरात खोल जाते. अमेरिकी प्रशिक्षिका सॅली स्विफ्ट यांनी १९८५ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेल्या पद्धतीतही श्वास आणि ‘मऊ नजर’ यांना मूलभूत स्थान आहे. एका बिंदूवर रोखून न पाहता सगळा परिसर नजरेत सामावून घेणे, म्हणजे मऊ नजर. पुढच्या अडथळ्याकडे टक लावलेल्या स्वाराची मान आणि पाठ आपोआप ताठ होते. नजर सैल केली की शरीरही सैलावते.

दुसरे साधन मनातली रपेट. शो जंपिंगमध्ये स्पर्धेआधी स्वार पायी मैदान फिरून अडथळे पाहतात आणि दोन अडथळ्यांतील अंतर पावलांनी मोजतात; घोड्याच्या दौडीची एक ढांग साधारण साडेतीन मीटरची धरून हिशेब होतो. घोड्याला मात्र हा मार्ग आधी दाखवला जात नाही. त्यामुळे त्या वाटेची दोघांच्या वतीने उजळणी करण्याची जबाबदारी स्वारावरच येते. ही उजळणी डोळे मिटून चित्रपट पाहिल्यासारखी नसावी, असे २००१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मांडलेला एक आराखडा सांगतो. अंगावर स्पर्धेचेच कपडे, शरीर बसल्याच्या पवित्र्यात, वेग प्रत्यक्षातला आणि भावनाही प्रत्यक्षातल्या, अशी ती जितकी खऱ्याच्या जवळ जाईल तितकी उपयोगी.

तिसरे साधन ‘जर-तर’चे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले की, नुसता संकल्प करण्यापेक्षा ‘अमुक घडले तर मी तमुक करीन’ असे आधीच ठरवले की प्रत्यक्षात तसे वागण्याची शक्यता वाढते. ‘घोडा अडथळ्यापुढे थांबला तर श्वास सोडीन, लगाम सैल करीन, मोठे वर्तुळ घेऊन शांतपणे पुन्हा येईन.’ हे वाक्य घरी शंभरदा म्हटलेले असेल, तर मैदानावर हात चाबकाकडे जाण्याआधी शरीराला दुसरी वाट सापडते. भीतीचे नाव बदलण्याचाही उपयोग होतो. हार्वर्डमधील ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत गाणे, भाषण आणि गणित यांच्याआधी ‘मी शांत आहे’ असे स्वतःला समजावणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड तीच, अर्थ वेगळा.

यातले बरेचसे पुरावे इतर खेळांतून किंवा प्रयोगशाळेतून आलेले आहेत. खास घोडेस्वारांवर झालेले अभ्यास कमी आणि लहान आहेत. शिवाय शंभर मीटर धावणाऱ्याला फक्त स्वतःचे मन सांभाळायचे असते; येथे दुसरे मनही असते आणि ते कोणत्याही मनोव्यायामाच्या वर्गाला आलेले नसते.

मन शांत, पण घोड्याचे काय?

म्हणूनच या प्रशिक्षणाच्या मर्यादा स्पष्ट ठेवायला हव्यात. पहिली मर्यादा वेदनेची. घोडा अडतो तेव्हा प्रत्येक वेळी कारण स्वाराच्या मनात नसते. ते त्याच्या पाठीत, दातांत, खुरांत किंवा न बसणाऱ्या खोगिरात असू शकते. ब्रिटिश पशुवैद्यक स्यू डायसन यांनी स्वारीच्या वेळी दिसणाऱ्या २४ वर्तनांची यादी तयार केली आहे. सतत कान मागे पाडणे, तोंड उघडणे, शेपटी झटकणे, अडखळणे अशा खुणांपैकी आठ किंवा अधिक दिसल्या तर हाडा-स्नायूंचे दुखणे असण्याची शक्यता मोठी मानावी, असे त्यांचे संशोधन सांगते. अशा घोड्यावर आत्मविश्वासाने बसणारा स्वार घोड्याच्या दृष्टीने अधिकच वाईट. तो वेदनेवर शांतपणे मात करायला लावतो.

दुसरी मर्यादा नीतीची. ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवलेली ब्रिटनची शार्लट दुजार्डिन हिने पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर माघार घेतली, कारण काही वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणात घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारतानाची तिची चित्रफीत समोर आली होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने तिच्यावर वर्षभराची बंदी घातली. तिने या वर्तनाबद्दल खेद व्यक्त केला. या प्रकरणात अनुभव, कौशल्य किंवा स्पर्धेचा दबाव पेलण्याची क्षमता यांची उणीव नव्हती. मनाचा कणखरपणा आणि घोड्याविषयीची आस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या शिकवणीतून दुसरी आपोआप येत नाही.

तिसरी मर्यादा व्यवस्थेची आणि टोकियोचा खरा धडा तोच. अनोळखी घोडा, वीस मिनिटांची ओळख, त्याच घोड्याने त्याच दिवशी आधी दिलेला नकार आणि चार वर्षांची मेहनत पणाला. असा नियम करून मग स्वाराच्या मनोबलाची परीक्षा घेणे म्हणजे घर पेटवून आत राहणाऱ्याचा धीर मोजणे होय. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्येही २००८ ची ऑलिम्पिक विजेती लेना शोनेबोर्न हिला चिठ्ठीत मिळालेल्या घोड्याच्या नकारामुळे पदकाच्या शर्यतीतून बाहेर पडावे लागले होते. इशारा मिळाला होता. नियम बदलला नाही.

भारतासाठी हा विषय का?

भारतीय अश्वक्रीडेला सध्या चांगले दिवस आहेत. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फवाद मिर्झाने इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक रौप्य मिळवले, संघानेही रौप्य पटकावले. टोकियोत तो अंतिम फेरीत पोहोचून २३वा आला. २०२३ मध्ये हांगझोऊला अनुष अगरवाला, सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग आणि मुंबईचा हृदय छेडा यांच्या संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्ण जिंकले. अश्वक्रीडेतील आशियाई सुवर्णासाठी भारताला १९८२ नंतर ४१ वर्षे वाट पाहावी लागली होती. अनुष पुढे पॅरिसला ऑलिम्पिक ड्रेसाजमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. मिर्झा आणि अगरवाला दोघांचीही जडणघडण बरीचशी जर्मनीत झाली. तेथे आपल्या घोड्याबरोबर वर्षानुवर्षे राहायला मिळते आणि मनाची तयारी रोजच्या शिकवणीचा भाग असते.

देशातल्या बहुतेक स्वारांची स्थिती याउलट आहे. मुंबई-पुण्याच्या शर्यतींतला जॉकी एकाच दिवशी अनेक घोड्यांवर बसतो. रायडिंग क्लासमधल्या मुलांना ज्या दिवशी जो घोडा मोकळा असेल तो मिळतो. माथेरान-महाबळेश्वरला येणारा पर्यटक तर आयुष्यात पहिल्यांदाच खोगिरावर चढतो. म्हणजे ‘अनोळखी घोडा आणि थोडी ओळख’ ही टोकियोतली परिस्थिती येथे रोजचीच आहे. फक्त कॅमेरे नसतात.

तेथे महागड्या क्रीडा-मानसोपचारतज्ज्ञाशिवायही बरेच करता येण्यासारखे आहे. स्वार होण्याआधी दहा मिनिटे घोड्याला नुसते धरून चालणे. खोगीर घालताना त्याचे कान, पाठ आणि खूर पाहण्याची सवय. प्रत्येक तासाच्या आरंभी श्वासाची दोन मिनिटे. पडल्यावर लगेच ‘चढ परत’ असा आग्रह न धरता आधी डोक्याला मार लागला आहे का ते पाहणे आणि मग शांतपणे घडलेले बोलणे. मेंदूला हादरा बसला असताना पुन्हा घोड्यावर बसवणे याला धैर्याचे शिक्षण म्हणत नाहीत, तो धोका आहे. ‘पडल्याशिवाय स्वार होत नाही’ ही म्हण शिकवणाऱ्याच्या निष्काळजीपणाचे समर्थन ठरता कामा नये.

आणि सर्वांत अवघड कौशल्य म्हणजे उतरण्याचे. त्याच टोकियो ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने हवेत शरीराचे भान सुटत असल्याचे ओळखून सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली. तिच्यावर टीका झाली, पण मनाच्या अवस्थेची नोंद घेऊन थांबणे हाही खेळाडूपणाच आहे हे तिने जगाला पटवले. स्वाराला तर थांबण्याचे आणखी एक कारण असते. त्याच्या चुकीची किंमत मोजणारा दुसरा जीव त्याच्या खाली असतो आणि त्याला पदक काय असते हे माहीत नसते. आज हा घोडा नको म्हणतो आहे, आज माझे हात माझ्या ताब्यात नाहीत, हे ओळखून रिकिबीतून पाय काढणाऱ्या स्वाराला प्रशिक्षकाने आणि पालकांनी भित्रा ठरवू नये. ही मोकळीक शिकवणीत असेल तरच मनाच्या बाकीच्या सरावाला अर्थ आहे.